टाकीत पडलेला पीएच मीटर: सुकवण्याआधी धुवा

टाकीत पडलेला पीएच मीटर (द्रावण किती आम्ल किंवा अल्कली आहे ते मोजणारं यंत्र) बाहेर काढला की हात आपोआप बटणाकडे जातो. चालतोय का, एवढंच बघायचं असतं. नेमकं तेच करू नका. हायड्रोपोनिक्समध्ये, म्हणजे मातीविना शेतीत, रोपांना दिलं जाणारं पोषक द्रावण म्हणजे खारं पाणीच. ईसी (पाण्याची वीज वाहून नेण्याची क्षमता) दीड-दोन असलेलं पाणी वीज सहज वाहून नेतं. सेल जागेवर असताना ते सर्किट बोर्डावर पसरलं की धन बाजूचं तांबं विरघळायला लागतं आणि केसासारख्या बारीक पट्ट्या काही तासांतच खाल्ल्या जातात. मीटर बंद असला तरी सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) बोर्डाच्या काही भागापर्यंत पोचलेला असतोच. म्हणून पहिलं काम एकच: सेल काढणं.

इथे मुख्यतः पेनसारख्या मीटरबद्दल लिहिलं आहे. गच्चीवर किंवा छोट्या शेडनेटमध्ये लेट्यूस, पालक, बेसिल लावणाऱ्यांकडे बहुतेक वेळा हाच असतो. वायरीच्या टोकाला वेगळा प्रोब (द्रावणात बुडवायचं मोजणारं टोक) असलेल्या मीटरसाठी पुढे थोडं वेगळं सांगितलं आहे.

पहिली दहा मिनिटं

मीटर बाहेर काढल्यावर प्रोबचं तोंड वर आणि सेलचा कप्पा खाली राहील असा उभा धरा, म्हणजे आत शिरलेलं पाणी सेलच्या कप्प्याकडून बोर्डाकडे उतरणार नाही. कप्प्याचं झाकण उघडून आधी पाणी ओतून टाका, मग सेल काढा. स्वस्त पेनात एलआर४४ बटण सेल असतात, बहुधा दोन किंवा चार. त्यांची दिशा लक्षात राहावी म्हणून काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या. भिजलेले सेल परत वापरू नका. ते आतून फुटून गळायला लागले तर दुसऱ्यांदा तोच व्याप होतो, आणि नवा जोड काही महाग नसतो.

मग मीटर बाहेरून नळाच्या पाण्यानं धुवा. प्रोबचं टोपण लावा आणि टोपणातल्या स्पंजवर साठवणीच्या द्रावणाचे किंवा पीएच ४ बफरचे (ठरावीक पीएच असलेल्या द्रावणाचे) थेंब टाका. बाकीचा मीटर वाळवायचा असला तरी प्रोबची काच कोरडी पडता कामा नये. मीटर वाचवायच्या घाईत चांगला प्रोब वाळवून टाकणं, हा या कामातला सगळ्यात नेहमीचा घोळ.

नुसतं सुकवून का भागत नाही

पीएच मीटरची काच म्हणजे वीजमापनातला एक विचित्र प्राणी. काचेच्या फुग्याच्या आत आणि बाहेर पीएच वेगळा असला की त्यातून अगदी छोटा दाब मिळतो: २५ अंश सेल्सियसला दर एका पीएचमागे सुमारे ५९ मिलिव्होल्ट, आणि पीएच ७ ला शून्य. हा दाब येतो त्या काचेचा विद्युतरोध साधारण १० कोटी ओहमच्या घरात असतो. म्हणून तो मोजणाऱ्या अॅम्प्लिफायरचा रोध त्याच्या हजारो पट, म्हणजे एक लाख कोटी ओहम किंवा त्याहून जास्त ठेवावा लागतो. अमेरिकेत अर्नोल्ड बेकमन यांनी १९३४ मध्ये लिंबूवर्गीय फळांच्या रसासाठी आपला मीटर बनवला, तेव्हाही अडचण हीच होती: काचेतून येणारा संकेत इतका अशक्त की साधं उपकरण जोडलं की तो कोसळायचा.

आता बोर्डावर, प्रोबची वायर जिथे जोडली आहे तिथे, क्षारांचा न दिसणारा एक पापुद्रा राहिला असं समजा. त्याचा रोध काचेएवढाच, म्हणजे १० कोटी ओहम भरला, तर संकेताचा अर्धा भाग तिथूनच गळून जातो. मीटर चालू होतो, आकडे दाखवतो, स्थिरही राहतो. फक्त प्रत्येक आकडा ७ कडे ओढला जातो. ४.०१ च्या बफरमध्ये ५.५ दिसतो, ९.१८ मध्ये ८.१ च्या आसपास.

रोपांच्या बाबतीत याचा अर्थ काय? लेट्यूसला ५.८ हवा म्हणून तुम्ही थेंब थेंब फॉस्फोरिक आम्ल टाकत जाता. पडद्यावर ५.८ येतो तेव्हा टाकीत प्रत्यक्षात ४.६ झालेला असतो. मुळं तपकिरी पडतात, आणि दोष खताला किंवा बियाण्याला दिला जातो. पूर्ण मेलेला मीटर निदान फसवत तरी नाही.

दुसरी गोम खतातच आहे. खताची द्रावणं ए आणि बी अशी दोन टाक्यांत वेगळी ठेवतात. ए टाकीतलं कॅल्शियम नायट्रेट हवेतला ओलावा शोषून घेणारं मीठ आहे. त्याचे कण बोर्डावर राहिले तर कोरड्या दिवसांत मीटर ठीक वागतो आणि हवा दमट झाली की पुन्हा बिघडतो. कोकणात किंवा मुंबईत जूनमध्ये अचानक बिघडलेला मीटर कित्येकदा मार्चमध्येच भिजलेला असतो. ए आणि बी दोन्ही द्रावणांचे अवशेष एकत्र वाळले तर कॅल्शियमचे सल्फेट आणि फॉस्फेट तयार होऊन पांढरी खपली धरते. ती नंतर नुसत्या पाण्यानं निघत नाही. म्हणून आत शिरलेलं पाणी वाळायच्या आत धुऊन काढायचं.

सामान

डिस्टिल्ड वॉटर एक लीटर. बॅटरीत घालायचं पाणी चालेल, पण घरच्या आरओचं नको, त्यात क्षार उरलेले असतात. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, १०० मिली. मोबाइल दुरुस्तीवाले याला आयपीए म्हणतात. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हमखास मिळतं. मऊ टूथब्रश, इअरबड, पांढरं व्हिनेगर, बारीक प्लस स्क्रूड्रायव्हर, नवे सेल, ४.०१, ६.८६ आणि ९.१८ च्या बफर पावडरी, पोटॅशियम क्लोराइड २५ ग्रॅम, सिलिका जेल १०० ग्रॅम आणि चिमूटभर सिलिकॉन ग्रीस.

सॅनिटायझर आयपीएच्या जागी वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन बोर्डावरच राहतं. गंज सोडवायचे तेलकट स्प्रेही नकोत. थिनर आणि पेट्रोलनं प्लास्टिकची बॉडी विरघळते.

उघडणं आणि धुणं

आधी मीटर कोणत्या जातीचा आहे ते बघा. काही पेन कारखान्यातच चिकटवून बंद केलेले असतात आणि त्यांचा प्रोब आटे फिरवून निघतो. अशात पाणी बहुतेक वेळा सेलच्या कप्प्यापुरतं किंवा प्रोबच्या सांध्यापुरतंच गेलेलं असतं. ते दोन भाग साफ करा. वॉरंटी शिल्लक असेल तर बॉडी फोडू नका. स्वस्त पिवळ्या पेनांची बॉडी मात्र उघडते. स्क्रू सेलच्या कप्प्यात, क्लिपखाली किंवा स्टिकरखाली दडलेला असतो. तो काढल्यावर बोर्ड हळूच सरकवा, वायर धरून ओढू नका. प्रोबची वायर बोर्डाला जिथे डाग देऊन जोडलेली असते ती जागा नीट पाहून ठेवा, सगळ्यात जास्त मेहनत तिथेच करायची आहे.

काही जुन्या धाटणीच्या पेनांना कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे मीटरचा आकडा बफरशी जुळवण्यासाठी, मागे किंवा बाजूला भोक असतं आणि आत फिरवायचा बारीक स्क्रू. पाणी बरेचदा इथूनच शिरतं. तो स्क्रू कुठल्या दिशेला आहे याचा फोटो घ्या.

धुण्याचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी पाणी, मग आयपीए. बरेच जण थेट आयपीए ओततात आणि मग काहीच फरक पडला नाही म्हणतात. आयपीए पाणी ओढून घेतं, चिकट घाण काढतं, पण खतातले बहुतेक क्षार त्यात जवळपास विरघळतच नाहीत. ते पाण्यातच विरघळतात.

१. बोर्ड पडद्याची बाजू वर ठेवून धरा आणि खालच्या भागावर डिस्टिल्ड वॉटर ओता. मऊ ब्रशनं हलकेच घासा. तीन वेळा, दर वेळी नवं पाणी. पडदा बुडवू नका.

२. सेलच्या पट्ट्यांवर हिरवा किंवा पांढरा थर असेल तर इअरबडवर व्हिनेगर घेऊन फक्त तेवढ्याच जागी लावा, दोन मिनिटांनी पुसा आणि लगेच डिस्टिल्ड वॉटरनं धुवा. बटण सेल गळले की त्यातून अल्कली बाहेर येते, व्हिनेगर ती मारतं. पण व्हिनेगर मागे राहिलं तर तेच तांबं खायला लागतं. हट्टी डाग पेन्सिलच्या खोडरबरानं घासा.

३. फिरवायचा स्क्रू असेल तर त्यावर पाण्याचे आणि नंतर आयपीएचे थेंब टाकून तो दोन्ही बाजूंना चार-पाच वेळा फिरवा, मग फोटोत होता तिथे आणा.

४. शेवटी दोन वेळा आयपीए. प्रोबच्या जोडाभोवती आणि त्याच्या शेजारच्या चिपच्या पायांमध्ये नवा ब्रश वापरा. गॅस किंवा निरांजन जवळ नको, खिडकी उघडी ठेवा.

यानंतर त्या जागेला बोट लावू नका. बोटाचा घाम म्हणजे पुन्हा मीठच.

पडद्यावरच्या आकड्यांचे काही दांडे गायब झाले असतील तर घाबरू नका. पडदा आणि बोर्ड यांच्यामध्ये पट्ट्यापट्ट्यांचं रबर असतं, त्यातून वीज पडद्यात जाते. ते हलतं किंवा मळतं. आयपीएनं जेमतेम ओलसर केलेल्या कापडानं ते एकदा पुसा आणि सरळ बसवा. जास्त आयपीए पडद्याच्या कडेतून आत गेलं तर काळा डाग पडतो, तो जात नाही.

वाळवणं

तांदळाच्या डब्यात घालू नका. तांदूळ बंद खोक्यातलं पाणी ओढत नाही, उलट त्याची पिठी बोर्डावर बसते. हेअर ड्रायरच्या गरम झोतानं पडदा आणि डिंक दोन्ही बिघडतात. उन्हात ठेवायचं तर सावलीच्या कडेला. ४५ अंशांच्या वर जायचं नाही.

कोरड्या हवेत टेबलफॅनच्या वाऱ्यात २४ तास पुरतात. पावसाळ्यात पंखा म्हणजे दमट हवाच फिरवणं. तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत बोर्ड ४८ तास ठेवा. निळं जेल गुलाबी पडलं, किंवा नारिंगी जेल हिरवं झालं, की ते भरलं. ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-एक तास तापवलं की परत कामाला येतं. प्रोब बोर्डाला जोडलेलाच असेल तर त्याचं टोपण ओलं आणि घट्ट असू द्या; सिलिका जेल काचेवर दया करत नाही.

इलेक्ट्रोड

टाकीत पडल्यानं काचेचं बहुधा काहीच बिघडत नाही. ती पाण्यात राहण्यासाठीच असते. बिघडते ती नंतर कोरडी ठेवल्यानं, किंवा आधीपासूनच मळलेली असते. भिंगातून फुगा पाहा. तडा दिसला तर तिथेच थांबा, प्रोब बदला. आत हवेचा बुडबुडा असेल तर जुना तापमापक झटकतात तसा मीटर खाली झटका. बाहेर जमलेले पांढरे स्फटिक पोटॅशियम क्लोराइडचे असतात, ते धुतले की झालं.

खताची खपली असेल तर व्हिनेगरमध्ये दहा मिनिटं. शेवाळाचा बुळबुळीतपणा असेल तर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब घातलेल्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं. व्हिनेगरच्या आगे-मागे ब्लीच वापरू नका, दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. काच पुसायची नाही. टिश्यू टेकवून पाणी टिपायचं.

मग साठवणीच्या द्रावणात रात्रभर. हे घरी करता येतं: २२.४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून एकूण १०० मिली करा, म्हणजे तीन मोलर झालं. शेतीच्या दुकानातलं म्युरेट ऑफ पोटॅश हेच रसायन आहे, पण त्यातला लाल गाळ प्रोबच्या बारीक छिद्रात अडकतो, ते नको. द्रावण मिळेपर्यंत पीएच ४ चा बफर चालतो. डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात मात्र बुडवून ठेवू नका. प्रोबच्या आतलं मीठ त्या पाण्यात झिरपून जातं आणि रीडिंग तरंगायला लागतं.

कॅलिब्रेशनच्या आधी परीक्षा

नवे सेल घाला, मीटर चालू करा आणि कॅलिब्रेशनच्या बटणाला हात लावू नका. एका बफरवर कॅलिब्रेशन केलं की मीटर सगळे आकडे वर किंवा खाली सरकवतो. त्या एका बफरमध्ये आकडा अचूक येतो आणि दोष झाकला जातो. आधी मीटर आहे तसा काय म्हणतो ते लिहून घ्या. जुनं कॅलिब्रेशन साठवलेलं असेल आणि फॅक्टरी रीसेटची सोय असेल तर ती वापरा.

पुडीवर लिहिलं असेल तेवढ्या, बहुधा २५० मिली, डिस्टिल्ड वॉटरमध्ये प्रत्येक बफर वेगळा करा. आधी ६.८६, मग प्रोब धुऊन, टिपून ४.०१, शेवटी ९.१८. प्रत्येकात मिनिटभर थांबा. ३० अंशांच्या खोलीत ६.८६ चा बफर ६.८५ आणि ९.१८ चा ९.१४ असतो, तेव्हा एवढ्या फरकासाठी मीटरला बोल लावू नका.

बघायचं ते अंतर. ६.८६ आणि ४.०१ मधलं खरं अंतर २.८५ आहे. तुमच्या मीटरच्या दोन आकड्यांमधलं अंतर २.७ किंवा जास्त असेल तर काम झालं, आता कॅलिब्रेशन करा. २.४ ते २.७ असेल तर प्रोब म्हातारा झाला आहे किंवा बोर्डावर अजून थोडी गळती आहे. एकदा परत धुऊन बघा. २.४ च्या खाली असेल तर त्या मीटरवर आम्ल ओतायचं नाही.

तिन्ही बफरमध्ये जवळजवळ एकच आकडा आला तर काचेला तडा आहे, किंवा प्रोबच्या जोडाशी सरळ शॉर्ट आहे. आकडे वेगळे येतात पण सगळे ७ कडे सरकलेले असतील तर बोर्डावरची गळती आधी धरा. आकडा बरोबर येतो पण पाच मिनिटं लावतो, तर काच मळलेली किंवा वाळलेली. तापमानाचा आकडाही बघा. आतला तापमापक ओला असला की त्याचा रोध कमी होतो आणि मीटरला पाणी गरम वाटतं. २७ अंशांच्या पाण्याला मीटर ४५ म्हणत असेल तर ओलावा आत आहेच, परत डब्यात.

हीच परीक्षा दुसऱ्या दिवशी आणि आठवड्यानं पुन्हा करा. त्यातली एक तरी भर पावसाच्या दिवशी झाली तर उत्तम, कॅल्शियम नायट्रेटचा उरलेला कण तेव्हाच तोंड उघडतो.

वायरीचा प्रोब असलेला मीटर

इथे गुन्हेगार बहुधा बीएनसी जोड, म्हणजे प्रोबची वायर मीटरला जोडणारा गोल सांधा, असतो. प्रोब काढून मीटरच्या जोडातली मधली पिन आणि बाहेरची कडा कागदाच्या क्लिपनं जोडा. रीडिंग ७ च्या जवळ स्थिर यायला हवं. आलं तर मीटर जिवंत आहे. पण गळती असली तरीही इथे ७ च येतो, म्हणून दुसरी चाचणी करा: क्लिप काढून जोड उघडा ठेवा. निरोगी मीटरचा आकडा भटकतो, हात जवळ नेला की हलतो, कधी मर्यादेबाहेर जातो. उघड्या जोडावरही तो शहाण्यासारखा ७ वर बसून राहिला तर आत गळती आहे. जोडाच्या दोन्ही बाजू डिस्टिल्ड वॉटरनं, मग आयपीएनं धुवा आणि दिवसभर वाळवा. वायरीतच पाणी चढलं असेल तर प्रोब बदलावा लागतो.

टाकीतला पंप चालू असताना आकडा नाचतो आणि बंद केला की थांबतो, तर तो मीटरचा दोष नाही. पंपातून पाण्यात थोडी वीज गळते आहे. पंपाचा प्लग काढल्याशिवाय टाकीत हात घालू नका, आणि पंप तपासून घ्या.

मीटर दवाखान्यात असेपर्यंत

पीएच ४ ते ८ दाखवणारं थेंबांचं किट घेऊन ठेवा. अर्ध्या आकड्याइतकीच अचूकता मिळते, पण भिजलेल्या मीटरपेक्षा बरी. रंग दिवसाच्या उजेडात आणि पांढऱ्या कागदासमोर बघा. रोज आम्ल टाकायचा मोह या दिवसांत आवरा. निरोगी लेट्यूस ५.५ ते ६.५ मध्ये निभावून नेतो.

मीटर परत जोडताना सेलच्या झाकणाची रबरी रिंग बोटावर घेऊन वाका. बारीक भेगा दिसल्या तर बदला, नाहीतर सिलिकॉन ग्रीसचा इतका पातळ हात द्या की ती फक्त चकाकेल. डब्यावर आयपी६७ (पाणी आत न शिरण्याचं प्रमाण) लिहिलेलं असतं ते एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास, आणि तेही चांगल्या रिंगेसह. वाकडं बसलेलं झाकण त्यात धरलेलं नाही. आणि माप टाकीत वाकून घेऊ नका. मगभर द्रावण बाहेर काढा, त्यात प्रोबचा फक्त खालचा दोन-तीन सेंटिमीटर भाग बुडवा, माप झालं की मगातलं पाणी टाकीत परत ओता.